बर्फावरची वीज : हॉवी मोरेन्झ

‘धंदेवाईक’ हा शब्द आपल्या भाषेत फारसा मानाने वापरला जात नाही. धंदेवाईक पुढारी, धंदेवाईक लेखक असे म्हटले की काहीतरी कमअस्सल, पैशावर डोळा ठेवून केलेले, असा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात असतो. खेळाच्या बाबतीत तर हा भेद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर फार कडकपणे पाळला जाई. हौसेने खेळेल तो खरा क्रीडापटू आणि पैसे घेऊन खेळेल तो भाडोत्री, अशी सरळ वाटणी होती. पैसे घेणाऱ्याचे मन खेळात नसून पाकिटात असते, असेच सर्वजण गृहीत धरून चालत. या समजुतीला आपल्या साऱ्या आयुष्याने, आणि शेवटी आपल्या मरणाने, उत्तर देऊन गेलेला एक खेळाडू कॅनडात होऊन गेला. त्याचे नाव हॉवी मोरेन्झ. तो बर्फावरील हॉकी खेळत असे.

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मैदान, वाकलेली काठी आणि ध्यानचंद उभे राहतात. कॅनडाची हॉकी याहून निराळी आहे. सुमारे दोनशे फूट लांबीचे बर्फाचे पटांगण, त्याभोवती फळ्यांचा कठडा, खेळाडूंच्या पायांत पोलादी पाती लावलेले बूट आणि चेंडूच्या जागी कडक रबराची चपटी चकती. या चकतीला ‘पक’ म्हणतात. गोलरक्षक धरून दर बाजूला सहा खेळाडू असतात आणि वीस-वीस मिनिटांच्या तीन डावांत सामना संपतो. अंगाला अंग भिडवून प्रतिपक्षाला अडवणे येथे नियमाला धरूनच असते. त्यामुळे या खेळात डोके जितके लागते तितकीच छातीही लागते. आणि सगळ्यांवर ताण म्हणजे वेग. पळणाऱ्या माणसाला जो वेग कधीच साधणार नाही, तो बर्फावर घसरणाऱ्या माणसाला साधतो. मोरेन्झ हा त्या वेगाचा राजा होता.

त्याचा जन्म २१ सप्टेंबर १९०२ रोजी कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील मिचेल या लहानशा गावी झाला. घराणे मूळचे जर्मन वंशाचे. सहा भावंडांत हा शेंडेफळ. गावाजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव थेम्स. इंग्लंडातून येऊन वसलेल्या लोकांनी आपल्याबरोबर आणलेल्या नावांपैकीच ते एक. हिवाळ्यात ही नदी गोठली की गावातील पोरांना खेळायला आयतेच पटांगण मिळे. आईची इच्छा मुलाने पियानो शिकावा अशी होती. मात्र शिकवणीला म्हणून निघालेला मुलगा नदीवर जाऊन पोचत असे, अशी आठवण त्याच्याबद्दल सांगितली जाते. पहिल्यांदा त्याला गोलरक्षक म्हणून उभे केले होते आणि एका सामन्यात त्याच्यावर चांगले एकवीस गोल झाले, असेही सांगतात. ते खरे असो वा नसो, एका जागी उभे राहणे हा त्या मुलाचा पिंड नव्हता एवढे मात्र खरे.

१९१७ साली मोरेन्झ कुटुंब जवळच्या स्ट्रॅटफर्ड शहरात राहायला गेले. शेक्सपिअरच्या जन्मगावाचे नाव घेतलेले हे शहर एव्हन नावाच्याच नदीच्या काठी वसले आहे. पुढे १९५३ पासून तेथे भरू लागलेल्या शेक्सपिअर नाट्यमहोत्सवामुळे ते आपल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांच्याही परिचयाचे झाले असेल. पण मोरेन्झच्या काळी ते रेल्वेचे गाव होते. इंजिनांच्या दुरुस्तीचा मोठा कारखाना तेथे होता आणि त्या कारखान्यात हॉवी उमेदवार म्हणून लागला. दिवसा कारखाना आणि संध्याकाळी हॉकी. १९२१ साली स्ट्रॅटफर्डचा कुमार संघ कॅनडाच्या कुमार अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. विनिपेगच्या संघाने त्यांना हरवले, तरी स्ट्रॅटफर्डच्या मोरेन्झचे नाव प्रांतभर झाले. पुढे रेल्वेच्या संघातून तो माँट्रिअलला खेळायला गेला असता एका सामन्यात त्याने नऊ गोल केले. ही बातमी माँट्रिअल कॅनेडियन्स या धंदेवाईक संघाचा मालक लिओ दाँदुराँ याच्या कानी गेली.

या दाँदुराँने आपल्या दोन भागीदारांसह १९२१ साली तो संघ अवघ्या ११,००० डॉलरला विकत घेतला होता. मोठा व्यवहारचतुर माणूस. १९२३ च्या जुलै महिन्यात त्याने मोरेन्झला हंगामाला ३,५०० डॉलर आणि सही करताच ८५० डॉलर रोख असा करार देऊ केला. रेल्वेच्या उमेदवाराला ही रक्कम स्वप्नातली वाटावी अशी होती. हॉवीने सही केली.

आणि येथेच या चरित्रातला पहिला पेच उभा राहतो. सही झाल्यावर स्ट्रॅटफर्डमध्ये खळबळ उडाली. गावाला आपला लाडका खेळाडू सोडवेना. वडीलधाऱ्यांनी, मित्रांनी, गावातील प्रतिष्ठितांनी त्याला घेरले. मोठ्या शहरातील धंदेवाईक हॉकी म्हणजे नासण्याचा मार्ग, अशीही भीती घालण्यात आली असेल. स्वतः हॉवीलाही आपण तेवढ्या योग्यतेचे आहोत की नाही याची धास्ती होती. त्याने मिळालेला धनादेश पत्रासोबत परत पाठवून दिला. आपली नोकरी आणि आपले घर सोडणे आपल्याला शक्य नाही, असे त्याने कळवले. दाँदुराँने त्याला माँट्रिअलला बोलावून घेतले. वीस वर्षांचा तो तरुण मालकासमोर अक्षरशः रडला, मला सोडा म्हणून विनवण्या केल्या. मालक बधला नाही. करार मोडलास तर धंदेवाईक हॉकीची दारे तुला कायमची बंद होतील, असे त्याने बजावले. हॉवीने डोळे पुसले आणि तो राहिला.

ज्याला पुढे सारे जग धंदेवाईक हॉकीचा मुकुटमणी म्हणून ओळखणार होते, तो माणूस त्या धंद्यात असा रडत रडत आला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पहिल्याच हंगामात त्याने २४ सामन्यांत १३ गोल केले आणि १९२४ च्या मार्चमध्ये कॅल्गरीच्या संघाला हरवून कॅनेडियन्सने स्टॅन्ले चषक जिंकला. त्याच्या जोडीला डाव्या बाजूस ऑरेल जोलिआ हा चणीने लहान पण विलक्षण चपळ खेळाडू होता. डोक्यावर काळी टोपी घालून खेळणारा जोलिआ आणि सातव्या क्रमांकाचा मोरेन्झ ही जोडी पुढे दहा वर्षे गाजली. गोलमध्ये जॉर्ज व्हेझिना उभा असे. १९२५ च्या नोव्हेंबरात सामना चालू असतानाच व्हेझिना आजारी होऊन बाहेर पडला आणि काही महिन्यांतच क्षयाने गेला. खेळ माणसाकडून काय वसूल करतो याचा पहिला धडा तरुण मोरेन्झने तेथे पाहिला असला पाहिजे.

त्याच्या खेळाचे वैशिष्ट्य समजून घ्यायचे तर त्या वेळचा एक नियम माहीत हवा. त्या काळी चकती पुढच्या साथीदाराकडे सरकवण्यावर कडक बंधने होती. ती बंधने १९२९-३० च्या हंगामात बरीच सैल झाली. तोपर्यंत गोल करायचा तर चकती काठीला चिकटवून स्वतःच प्रतिपक्षाच्या फळीत शिरावे लागे. मोरेन्झ आपल्या गोलामागून चकती घेऊन निघे, दोन-चार पावलांतच पुऱ्या वेगाला पोचे आणि समोर दोन दणकट बचावपटू उभे असले तरी त्यांना वळसा घालण्याऐवजी त्यांच्या मधल्या फटीतून जायला बघे. त्याची उंची पाच फूट नऊ इंच, वजन बेताचे. धडक बसली तर तोच आपटे. आपटला की उठे आणि पुन्हा त्याच वाटेने जाई. फ्रेंच भाषिक प्रेक्षकांनी त्याला विजेची उपमा दिली होती.

हे फ्रेंच भाषिक प्रेक्षकांचे प्रेम हीसुद्धा एक नवलाचीच गोष्ट होती. माँट्रिअल हे दोन भाषांचे शहर. १९२४ साली तेथे मरून्स हा दुसरा संघ निघाला आणि शहराची सरळ वाटणी झाली. इंग्रजी बोलणारे मरून्सचे आणि फ्रेंच बोलणारे कॅनेडियन्सचे. मोरेन्झ तर घरी इंग्रजी बोलणारा, वंशाने जर्मन, परप्रांतातून आलेला. तरीही फ्रेंच गिरणी-कामगारांनी आणि गोदी-कामगारांनी त्याला आपला मानले. भाषेच्या आणि धर्माच्या भिंती त्याच्या वेगापुढे टिकल्या नाहीत. प्रत्येक सामन्यात तो जीव ओतून खेळतो, हे गॅलरीत शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही दिसत होते.

अमेरिकेत हा खेळ रुजला तोही याच वर्षांत. १९२४ साली बोस्टनचा संघ लीगमध्ये आला. १५ डिसेंबर १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील हॉकीचा पहिला लीग सामना झाला, तोही मोरेन्झच्या कॅनेडियन्सविरुद्धच. कॅनेडियन्सनी तो ३-१ असा जिंकला. त्या गार्डनचा चालक टेक्स रिकार्ड हा मुष्टियुद्धाचे सामने भरवणारा. मोरेन्झचा खेळ पाहिल्यावरच त्याने बर्फ बसवायला मान्यता दिली, अशी आख्यायिका आहे. अमेरिकन वृत्तपत्रांनी बेसबॉलच्या बेब रूथशी मोरेन्झची तुलना सुरू केली.

यानंतरची सात-आठ वर्षे त्याच्या वैभवाची. १९२७-२८ मध्ये ४३ सामन्यांत ३३ गोल आणि १८ साहाय्ये अशी कामगिरी करून त्याने सर्वोत्तम खेळाडूचे हार्ट पारितोषिक पटकावले. १९२९-३० मध्ये त्याने ४४ सामन्यांत ४० गोल केले. त्या वर्षी बोस्टनचा संघ अजिंक्य समजला जात होता, कारण साऱ्या हंगामात ४४ पैकी अवघे ५ सामने त्याने गमावले होते. अंतिम फेरीत मात्र कॅनेडियन्सनी त्याला सलग दोन सामन्यांत हरवून स्टॅन्ले चषक घेतला. पुढच्या वर्षी शिकागोला हरवून तो राखला. १९३१ व १९३२ अशी लागोपाठ दोन वर्षे हार्ट पारितोषिकही मोरेन्झकडेच आले.

पटांगणाबाहेर तो हसतमुख, उमदा, खर्चिक माणूस होता. उंची कपड्यांची त्याला भारी हौस. युकुलेली हे लहानसे तंतुवाद्य वाजवून तो प्रवासात साथीदारांना गाणी ऐकवी. घोड्यांच्या शर्यतींचाही शौक होता. १९२६ साली त्याचे लग्न झाले, मुलेबाळे झाली. पण सामना हरला की हा आनंदी माणूस नाहीसा होई. हरलेल्या रात्री त्याला झोप येत नसे आणि माँट्रिअलच्या रस्त्यांवरून तो तासन् तास एकटाच भटकत राही. पगार तर हरले तरी तेवढाच मिळत होता! ज्याला आपण धंदेवाईक म्हणतो त्याच्या हिशेबात या रात्रींची नोंद कोठे करायची?

पुढे पाय थकू लागले. १९३३ च्या डिसेंबरात लीगमधील सर्वाधिक गोलांचा विक्रम त्याच्या नावावर आला खरा, पण थोड्याच दिवसांत घोट्याला दुखापत झाली आणि त्या हंगामात त्याचे जेमतेम ८ गोल झाले. जगभर मंदीचे दिवस होते. संघ तोट्यात चालला होता. आणि जे प्रेक्षक त्याच्या नावाने फोरम हे प्रेक्षागृह दणाणून सोडत, त्यांच्यातूनच आता त्याची हुर्यो उडवली जाऊ लागली. १९३४ च्या ऑक्टोबरात दाँदुराँने त्याला आणखी दोघांसह शिकागोला देऊन टाकले आणि बदल्यात तीन खेळाडू घेतले. निरोपाची मेजवानी मात्र थाटात झाली. व्यवहार म्हणून यात गैर काहीच नव्हते. करारात तशी सोय होतीच. अकरा वर्षांपूर्वी मला घरी जाऊ द्या म्हणून रडणाऱ्या मुलाला ज्या कराराने थांबवून ठेवले, त्याच कराराने आता त्याला घराबाहेर काढले, एवढेच.

शिकागोत त्याचे मन रमले नाही. त्या हंगामाच्या अखेरीस शिकागोचा संघ माँट्रिअलला आला असता त्याने आपल्या जुन्या संघावर गोल केला आणि फोरममधील प्रेक्षकांनी उभे राहून त्याला मानवंदना दिली. हुर्यो करणारे आणि उभे राहणारे प्रेक्षक एकच. लोकांच्या प्रेमाचा हा लहरीपणा कलावंतांना ठाऊक असतो, तसाच तो खेळाडूंनाही भोगावा लागतो. १९३६ च्या जानेवारीत शिकागोने त्याला न्यूयॉर्क रेंजर्सच्या हवाली केले. तेथे उरलेल्या हंगामात त्याचे अवघे दोन गोल झाले. वर्ष-दीड वर्षात तीन शहरे! इकडे त्याच्याविना कॅनेडियन्सचा संघ १९३५-३६ मध्ये तळाला गेला होता. दाँदुराँ आणि भागीदारांनी तो त्याआधीच, १९३५ साली, १,६५,००० डॉलरला विकला होता. अकरा हजारांचे एक लाख पासष्ट हजार झाले. त्या वाढलेल्या किमतीत मोरेन्झच्या पायांचा वाटा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१९३६ साली सेसिल हार्ट हा जुना प्रशिक्षक परत आला. याच्याच वडिलांनी ते हार्ट पारितोषिक ठेवले होते. मोरेन्झला परत आणत असाल तरच मी येईन, अशी अट त्याने घातली. अट मान्य झाली. चौतिसाव्या वर्षी मोरेन्झ पुन्हा आपल्या लाल पोशाखात, पुन्हा जोलिआच्या शेजारी उभा राहिला. पूर्वीचे गोल आता होत नव्हते. पण तो दुसऱ्यांना गोल करून देऊ लागला आणि तळाचा संघ वर चढू लागला. त्या काही महिन्यांत तो फार सुखात होता, असे त्याचे सोबती सांगत.

२८ जानेवारी १९३७ च्या रात्री फोरममध्ये शिकागोविरुद्ध सामना होता. कोपऱ्यात गेलेल्या चकतीमागे मोरेन्झ सुसाट निघाला आणि तोल जाऊन कठड्याजवळ पडला. त्याच्या बुटाचे पाते फळीत रुतले. मागून येणारा शिकागोचा धिप्पाड बचावपटू अर्ल सिबर्ट स्वतःला सावरू शकला नाही आणि त्याच्यावर आदळला. मोरेन्झचे पायाचे हाड चार ठिकाणी मोडले. सिबर्टने ते मुद्दाम केले नव्हते, तरी माँट्रिअलच्या प्रेक्षकांनी त्याला क्षमा केली नाही आणि त्यालाही ती आठवण जन्मभर पुरली.

मोरेन्झला सें-ल्यूक रुग्णालयात नेण्यात आले. खोली फुलांनी, पत्रांनी, पाहुण्यांनी भरून गेली. येईल त्याला तो आपण पुन्हा खेळणार असे हसून सांगे. एकांतात मात्र वेगळेच चालले असावे. हाड जुळेल, पण तो वेग परत येणार नाही, हे त्याच्याइतके कोणाला कळणार? फेब्रुवारीच्या अखेरीस त्याचे मानसिक संतुलन ढळले. डॉक्टरांनी पाहुण्यांना बंदी केली. ८ मार्च १९३७ रोजी तो अंथरुणातून उठण्याचा प्रयत्न करताना कोसळला आणि गेला. रक्तात झालेल्या गुठळीने हृदय बंद पडले, असे निदान झाले. जोलिआचे निदान निराळे होते. पायापेक्षा मन मोडल्यामुळे तो गेला, असे तो शेवटपर्यंत मानत असे.

११ मार्चला त्याची शवपेटी फोरममध्ये, त्याच बर्फाच्या मधोमध ठेवण्यात आली. हजारो माणसे आत निःशब्द बसली होती आणि हजारो बाहेर थंडीत उभी होती. फ्रेंच होती, इंग्रज होती. श्रीमंत होती, मजूर होती. नोव्हेंबरात त्याच्या कुटुंबाच्या साहाय्यासाठी लीगमधील निवडक खेळाडू आणि माँट्रिअलचे दोन्ही संघ मिळून यांच्यात सामना झाला आणि निवडक खेळाडूंनी तो ६-५ असा जिंकला. त्याचा सातवा क्रमांक कॅनेडियन्सनी कायमचा बाजूला ठेवला. त्या संघाने असा मान दिलेला तो पहिलाच खेळाडू. मृत्यूच्या वेळी गोल आणि साहाय्ये मिळून लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याच्याच नावावर होते. १९४५ साली हॉकीच्या कीर्तिमंदिरात पहिल्या मानकऱ्यांत त्याची निवड झाली. १९५० साली कॅनडातील पत्रकारांनी अर्धशतकातील सर्वोत्तम हॉकीपटू म्हणून त्याचीच निवड केली.

त्याची मुलगी मार्लीन हिने १९५२ साली कॅनेडियन्सच्याच बर्नी जॉफ्रिऑन या नामांकित खेळाडूशी लग्न केले. जॉफ्रिऑनचा पाचवा क्रमांक निवृत्त करण्याचा समारंभ ११ मार्च २००६ रोजी, मोरेन्झच्या अंत्ययात्रेच्या तारखेलाच ठरला होता. त्याच दिवशी सकाळी जॉफ्रिऑनचे निधन झाले. संध्याकाळी समारंभ ठरल्याप्रमाणे झाला आणि सासऱ्याचा व जावयाचा असे दोन्ही ध्वज शेजारी शेजारी छताकडे चढवण्यात आले.

मोरेन्झच्या आयुष्याचा विचार करताना दोन गोष्टी मनात राहतात, आणि त्या एकमेकींशी सहज जुळत नाहीत. पैसे घेऊन केलेले काम मनापासून केलेले नसते, ही आपली समजूत किती उथळ आहे हे त्याने दाखवून दिले. करार करणारे, विकणारे, विकत घेणारे सारे व्यवहाराने वागले. ज्याला धंदेवाईक म्हणायचे तो एकटाच हिशेब न ठेवता देत राहिला. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. विसाव्या वर्षी हॉकीवाचून, रेल्वेच्या कारखान्यात, आपण सुखाने जगू शकू असे ज्याला वाटत होते, त्याला चौतिसाव्या वर्षी हॉकीवाचून जगण्याची कल्पनाच सोसवली नाही. मधल्या चौदा वर्षांत खेळाने त्याला सर्व काही दिले आणि दुसरे काहीही उरू दिले नाही. आपल्यापैकी प्रत्येकजण उद्या कोणत्या ना कोणत्या व्यवसायात पडणार आहे. त्यात जीव ओतावा हे मोरेन्झकडून शिकावे. आणि तो ओतताना स्वतःसाठी मागे थोडा राखावा, हे त्याच्या मरणाकडून शिकावे. कोणी म्हणेल की, राखणारा माणूस मोरेन्झ होऊच शकत नाही. कदाचित ते खरेही असेल.